टोचायचं कुठं, कशानं, कुणाकडून

ट्रॉम्बेला १९७४ मध्ये ‘आयसोमेड’ सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं उभा राहिलेला हा देशातला पहिला व्यावसायिक गॅमा-निर्जंतुकीकरण प्रकल्प. सिरिंज, टाक्यांचे धागे, हातमोजे, खेड्यापाड्यांतल्या सुईणींना द्यायचे बाळंतपणाचे संच अशा वस्तू पाकिटात बंद करून, खोक्यात भरून कोबाल्ट-६० च्या किरणांसमोरून न्यायच्या, ही त्याची रीत. वैद्यकीय सामानासाठी जगभर मानली जाणारी मात्रा २५ किलोग्रे. या मात्रेपुढे साधे जिवाणू तर टिकत नाहीतच, उकळत्या पाण्यात तग धरणारे त्यांचे बीजाणूही टिकत नाहीत. पाकीट न उघडताच आतली वस्तू निर्जंतुक होते आणि पाकीट फाटेपर्यंत ती तशीच राहते.

याच ट्रॉम्बेच्या पट्ट्यात, मानखुर्द स्टेशनपासून चीता कॅम्पपर्यंत आणि पुढे कोळीवाड्यापर्यंत, कान-नाक टोचायचं तर मुंबईच्या कुठल्याही उपनगरात जिथं जावं लागतं तिथंच जावं लागतं: सोनाराची पेढी, ब्यूटी पार्लर, नाहीतर कटलरीचं दुकान. उपनगरांतल्या अशा जागांपैकी काही ठिकाणी सुई सीलबंद पाकिटातून निघते. काही ठिकाणी टोचायची एकच बंदूक दिवसभर एका कानावरून दुसऱ्या कानावर फिरते आणि मधल्या वेळात तिला स्पिरिटचा बोळा लावला जातो. गिऱ्हाईकाला या दोहोंतला फरक बहुतेक वेळा कळतो तो फक्त पैशांतला.

तरुण मुलामुलींनी अंगावर किती भोकं पाडून घ्यावीत, हा वाद घरोघरी होतो आणि होत राहील. आरोग्याच्या बाजूनं पाहिलं तर तो मुख्य प्रश्न नव्हे. कातडी भेदून आत परकी वस्तू ठेवणं ही शस्त्रक्रियाच आहे, भले ती अर्ध्या मिनिटात उरको. ती करणाऱ्यावर, ती जिथं होते त्या जागेवर आणि ती झाल्यावर उरणाऱ्या सुईवर आपल्याकडे कुणाचीच देखरेख नाही. धोक्याचं मूळ फॅशनपेक्षा या बेवारशीपणात जास्त आहे.

महाराष्ट्राला टोचण्याचं वावडं कधीच नव्हतं. बारशाच्या दिवशी सोनाराला घरी बोलवायचं, त्यानं सोन्याच्या टोकदार तारेनं बाळाचे कान टोचायचे आणि तीच तार वळवून बाळी करून ठेवायची, हे दृश्य आजच्या आज्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. बायकांच्या कानाच्या वरच्या कडेला बुगडी, पुरुषांच्या उजव्या कानात वर भिकबाळी, नाकात नथ किंवा चमकी. आजची कॉलेजातली मुलगी पार्लरमध्ये जाऊन ‘हेलिक्स’ मागते, ती जागा तिच्या पणजीच्या बुगडीचीच. ‘बाजीराव मस्तानी’ २०१५ मध्ये आला त्यानंतर पुण्यामुंबईच्या मुलांना भिकबाळीची आठवण नव्यानं झाली.

नथीची गोष्ट थोडी निराळी. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस नथ किती जुनी याचा माग काढला, आणि इसवी सन १००० च्या आधीच्या भारतीय वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा पत्ता लागत नाही, असं दाखवलं. कान टोचणं मात्र खूप जुनं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात बाळाला मांडीवर घ्यावं, खेळण्यात रमवावं, डाव्या हातानं कान ओढून धरावा, जिथून ऊन आरपार दिसतं तिथंच उजव्या हातानं सरळ टोचावं, असा त्याचा क्रम. पाळी पातळ असेल तर सुईनं, जाड असेल तर आऱ्यानं. रक्त फार आलं किंवा वेदना फार झाली तर जागा चुकली असं समजावं.

त्यापुढचा भाग आजच्या वाचकानं मुद्दाम पाहावा असा आहे. जागा चुकून कोणती शीर दुखावली तर काय होतं, हे तिथं नावानिशी दिलं आहे: एकीमुळे ताप, आग आणि सूज, दुसरीमुळे वेदना, ताप आणि गाठी, तिसरीमुळे मान आखडणं आणि अंगाला झटके. गाठी वाचताना आजच्या त्वचारोगतज्ज्ञाला केलॉइड आठवेल, झटके वाचताना धनुर्वात. बोथट किंवा वाकडी सुई आणि जाड वात यांनी कान सुजतो, हेही नोंदलेलं आहे, आणि फाटलेली पाळी सांधण्याच्या पंधरा पद्धतीही. म्हणजे टोचण्यातून काय बिघडू शकतं याची यादी करण्याचं काम या देशात फार पूर्वीच सुरू झालं होतं.

परंपरेनं सगळं नीटच केलं असंही नाही. भोक बुजू नये म्हणून त्यात कडुलिंबाची काडी किंवा खराट्याचा हीर घालून ठेवायचा, वर हळद आणि खोबरेल चोपडायचं, हा घरगुती उपाय अजूनही सांगितला जातो. काडी ही ओल्या जखमेत ठेवलेली वनस्पती. तिच्या रेषारेषांत जिवाणू बसतात. जड दागिन्यांनी पाळी वर्षानुवर्षं ओघळत जाते आणि एक दिवस भोक फाटून तिची दोन टोकं होतात. कोळीवाड्यातल्या किंवा घाटावरच्या जुन्या बायकांचे असे कान पाहिले नाहीत असा मुंबईकर विरळा. एकच तार, एकच सुई अनेकांना वापरण्यातून आणखीही काही पसरतं: नाक किंवा कान टोचलेल्या जागी त्वचेचा क्षयरोग झाल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत एकापेक्षा अनेक आहेत. टोचलेल्या जागी लालसर-तपकिरी चट्टा उठतो, दुखत नाही, मलमांनी जात नाही आणि हळूहळू पसरतो. महिनोन्‌महिने त्याला ‘ॲलर्जी’ समजलं जातं. गोवंडी, मानखुर्द आणि ट्रॉम्बे ज्या एम-पूर्व विभागात येतात, तिथं क्षयरोगाचं ओझं मोठं आहे. अशा चट्ट्याकडे इथं तरी कुणी दुर्लक्ष करू नये.

गेल्या दोन-तीन दशकांत खरा बदल झाला तो टोचण्याच्या जागांत. पाळी मांसल असते, तिला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ती सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरच्या कानात मात्र कूर्चा, म्हणजे मऊ हाड असतं. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटलेल्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळतं. हेलिक्स, ट्रेगस, कॉन्च, डेथ ही आजची लोकप्रिय नावं सगळी कूर्चेवरची. तिथली जखम भरायला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागतो. तिथं पू झाला की तो आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये साचतो, दोघांना एकमेकांपासून सोडवतो, आणि खालची कूर्चा उपाशी मरते. मेलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही. कानाचा आकार चोळामोळा होतो आणि तो पूर्ववत करणं निष्णात प्लास्टिक सर्जनलाही जड जातं.

या संसर्गाचा नेहमीचा धनी म्हणजे स्युडोमोनास एरुजिनोसा, ओलाव्यात वाढणारा जिवाणू. त्याचं सगळ्यात नीट तपासलं गेलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं. ऑगस्ट आणि सप्टेंबर २००० मध्ये तिथल्या एका दागिन्यांच्या स्टॉलवर ११८ जणांनी मिळून १८६ भोकं पाडून घेतली. त्यांतल्या सात जणांना हा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं, आणखी १८ जणांबद्दल दाट संशय होता. सिद्ध झालेले सातही जण १० ते १९ वर्षांचे. चौघांना रुग्णालयात ठेवावं लागलं, काहींचे कान कायमचे विद्रूप झाले. शोध घेता घेता आरोग्य खातं पोचलं ते जंतुनाशकाच्या बाटलीपर्यंत आणि तिथल्या सिंकपर्यंत: रुग्णांच्या कानात जो जिवाणू सापडला तोच तिथंही सापडला. जंतू मारायला ठेवलेलं द्रावणच जंतूंचं घर झालं होतं. इंग्लंडमध्ये २०१६ साली असाच प्रकार घडला. तिथं टोचल्यानंतर जखमेची काळजी घ्यायला दिलेलं द्रावण दूषित निघालं.

ओरेगनच्या अहवालातली आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या आईवडिलांनी आणि डॉक्टरांनीही लक्षात ठेवावी. बहुतेक मुलांना आधी जी प्रतिजैविकं दिली गेली ती या जिवाणूवर चालणारी नव्हती. केमिस्टकडून आणलेल्या अमॉक्सिसिलिननं स्युडोमोनास हलत नाही. गोळ्या घेऊन वाट पाहण्यात जे तीन-चार दिवस जातात, तेवढ्यात कूर्चा जाते. पाळी नेहमीसारखी आणि तिच्यावरचा कान लाल, गरम, फुगलेला, हात लावू न देणारा झाला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तसा विभाग आहे आणि मानखुर्दहून तिथवर जायला फार वेळ लागत नाही.

बंदुकीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘गन शॉट’ म्हणून जो प्रकार दुकानांत चालतो त्यात स्प्रिंगच्या जोरावर बोथट टोकाची कुडी कानातून ढकलली जाते. पोकळ सुई कातडी स्वच्छ कापते. कुडी ती चिरडत जाते. कूर्चेत या धक्क्यानं बारीक भेगा पडू शकतात. बंदुकीचे प्लास्टिकचे भाग ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेची, उष्णता सोसत नाहीत, त्यामुळे तिचं खरं निर्जंतुकीकरण होतच नाही, आणि डोळ्यांना न दिसणारे रक्ताचे तुषार तिच्या सांध्यांत बसतात. पाळीसाठी सीलबंद, एकदाच वापरायच्या कॅसेटची बंदूक एकवेळ चालेल. वरच्या कानाला आणि नाकाला ती लावू देऊ नये, मग दुकानदार कितीही खात्री देवो.

चांगलं काम कसं दिसतं, तेही जवळून पाहू. टोचणारा साबणानं हात धुतो, नवे हातमोजे घालतो, जागा जंतुनाशकानं पुसतो, पेनानं खूण करतो आणि आरसा हातात देतो. गिऱ्हाईक हो म्हणालं की त्याच्यासमोर पाकीट फाडतो. आपल्याकडे अनेक जण सलाईनची कॅन्युलाच वापरतात: हिरवी म्हणजे १८ गेज, गुलाबी म्हणजे २० गेज. सुई आरपार गेली की ती मागे ओढली जाते आणि प्लास्टिकची नळी तेवढी कानात राहते. दागिन्याची दांडी त्या नळीत बसवून नळी काढून घेतली की दागिना जागेवर. सुई लगेच जाड प्लास्टिकच्या, न फुटणाऱ्या डब्यात पडते. या सगळ्यात हातमोजे घातलेला हात मोबाईलला, गल्ल्याला किंवा दाराच्या कडीला लागला तर ते मोजे बदलायचे.

त्या पाकिटावर ‘स्टराइल’ या शब्दाशेजारच्या चौकटीत एक छोटी खूण असते. ‘आर’ असेल तर आतली वस्तू किरणांनी निर्जंतुक केलेली आहे, ‘ईओ’ असेल तर इथिलीन ऑक्साइड वायूनं. ट्रॉम्बेच्या प्रकल्पाचं सगळं विज्ञान त्या एका अक्षरात आलेलं असतं. पाकीट फाटलेलं, ओलं किंवा मुदत उलटलेलं असेल तर खुणेला अर्थ राहत नाही. दागिना आणि चिमटे यांच्यासाठी स्टुडिओत ऑटोक्लेव्ह हवा: १२१ अंश सेल्सिअस, चौरस इंचाला १५ पौंड दाब, किमान १५ मिनिटं. निळ्या दिव्याचं जे कपाट पार्लरमध्ये ‘स्टरिलायझर’ म्हणून दाखवतात, ते फार तर आधीच स्वच्छ केलेल्या वस्तू ठेवायच्या कामाचं. स्पिरिट, डेटॉल, मेणबत्तीची ज्योत यांपैकी कशानंच वापरलेली सुई निर्जंतुक होत नाही.

किती वेळा बिघडतं? इंग्लंडमध्ये दहा हजारांहून जास्त लोकांची पाहणी करून २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आकडे आले. पाळी सोडून अंगावर इतरत्र टोचून घेतलेल्या १६ ते २४ वयोगटात ३१ टक्के टोचण्यांनंतर काही ना काही तक्रार झाली. १५ टक्क्यांत कुणाची तरी व्यावसायिक मदत घ्यावी लागली, तर शंभरातल्या जवळपास एकात रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. बहुतेक तक्रारी सूज, स्राव, दुखणं अशा किरकोळ होत्या. पण तिथं स्टुडिओंची नोंदणी होते, नळाचं पाणी भरवशाचं असतं आणि हवा थंड असते. मुंबईच्या घामाच्या, गर्दीच्या, पावसाळी उपनगरात त्याहून कमी घडत असेल असं मानायला काही आधार नाही.

रक्तातून पसरणाऱ्या रोगांत लोक घाबरतात ते एचआयव्हीला. आरोग्य सेवकांना दूषित सुई टोचल्याच्या अभ्यासांतून जे कळलं ते असं: एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात साधारण तीन, हिपॅटायटिस सी असेल तर शंभरात दोनाच्या आसपास, आणि हिपॅटायटिस बी असेल व लस घेतलेली नसेल तर शंभरात ६ ते ३०. शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्ताच्या अदृश्य थेंबातही निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणजे सोमवारी टोचलेल्या कानातून बंदुकीवर आलेला विषाणू शनिवारच्या गिऱ्हाईकाला लागू शकतो. लागण झालेल्याला वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही, आणि काहींच्या बाबतीत मग सिऱ्होसिस किंवा यकृताचा कर्करोग समोर येतो.

या विषाणूवर लस आहे, स्वस्त आहे आणि परिणामकारक आहे. अडचण पिढीची. सरकारी लसीकरणात ती २००२ च्या सुमारास मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून आली आणि २०११ मध्ये देशभर पोचली. आज विशीत-पंचविशीत असलेले, म्हणजे नेमके हेलिक्स आणि सेप्टम (नाकाचा मधला पडदा) टोचून घेणारे, त्या आधी जन्मले. काहींना खाजगी डॉक्टरांनी लस दिली असेल, अनेकांना मुळीच मिळालेली नसेल. जुनं लसीचं कार्ड कपाटातून शोधून काढणं हे टोचण्याच्या तयारीतलं पहिलं काम. धनुर्वाताची, म्हणजे आता ‘टीडी’ची, मात्रा दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते. तीही त्याच कार्डावर पाहावी. शंका असेल तर हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि उपचार सरकारी व्यवस्थेत मोफत आहेत; २८ जुलै २०१८ पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. रक्तदान करणाऱ्यांनी हेही जाणून असावं की टोचून घेतल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही. ही अट रक्त घेणाऱ्याच्या जिवासाठी आहे, तेव्हा शिबिरात ते लपवू नये.

आता धातू. हार्बर लाइनच्या बायकांच्या डब्यात पुठ्ठ्यावर टोचलेले कानातल्यांचे आणि चमक्यांचे जोड विकायला येतात. दिवसाकाठी किती बोटं त्या पुठ्ठ्यावरून फिरतात! भरलेल्या भोकात ते तास-दोन तास घालणं वेगळं आणि ताज्या जखमेत बसवणं वेगळं. अशा दागिन्यांत बहुधा निकेल असतं. घाम आणि जखमेतला स्राव निकेल विरघळवतात, शरीर त्याला ओळखून ठेवतं आणि मग ही ॲलर्जी जन्मभर सोबत राहते. पुढे घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण, मंगळसूत्राचा आकडा, काहीही खाजवायला लागतं. डेन्मार्कनं १९९० च्या सुमारास निकेलवर बंधन घातलं आणि नंतर कान टोचलेल्या मुलींमध्ये ही ॲलर्जी घटली. युरोपीय संघानं १९९४ मध्ये तोच मार्ग धरला.

‘सर्जिकल स्टील’ या नावावर लोक विसंबतात, पण त्याच्या नेहमीच्या ३१६ एल प्रकारात दहा टक्क्यांहून जास्त निकेल असतं. ते घट्ट बांधलेलं असतं म्हणून बहुतेकांना चालतं; आधीच ॲलर्जी असलेल्याला चालेलच असं नाही. पहिला दागिना शरीरात बसवायच्या दर्जाच्या टायटॅनियमचा असावा. सोन्याला आपल्याकडे मान आहे आणि तो अनाठायी नाही: बावीस कॅरेटमध्ये मिसळ बहुधा तांब्याची आणि चांदीची असते. मात्र हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, उरलेला भाग कशाचा आहे ते सांगत नाही. ‘व्हाइट गोल्ड’ घेताना निकेलचं विचारून घ्यावं.

नाकाच्या चमकीचा एक धोका फारसा बोलला जात नाही. मागची फिरकी सैल होऊन श्वासाबरोबर आत ओढली जाते आणि श्वासनलिकेत किंवा फुफ्फुसात अडकते. भारतातल्या छातीच्या डॉक्टरांनी अशा अनेक केसेस नोंदल्या आहेत. कित्येकींना महिनोन्‌महिने खोकल्याचं औषध दिलं गेलं आणि मग एक्स-रेत फिरकी दिसली. याच्या उलट, फिरकी फार घट्ट बसवली तर सुजलेली कातडी तिला गिळून टाकते आणि ती कापून काढावी लागते. नव्या टोचण्यात सूज येणारच, म्हणून दांडी थोडी लांब ठेवतात आणि सूज उतरल्यावर आखूड करतात.

जिभेला टोचणं दातांना महाग पडतं: दातांचे टवके उडतात, खालच्या पुढच्या दातांच्या हिरड्या मागे सरतात, आणि पहिल्या दिवसांत सूज वाढली तर श्वासच अडू शकतो. बेंबी भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्यातून परकराची नाडी आणि जीन्सचा पट्टा नेमका तिथंच घासतो. स्तनाग्राचा संसर्ग गळूपर्यंत जातो. जन्मजात हृदयदोष, कृत्रिम झडप, मधुमेह, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी काही असेल त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. हृदयाच्या अशा रुग्णांना भोकातून रक्तात शिरलेले जिवाणू झडपेवर जाऊन बसण्याचा धोका असतो. आणि ‘डेथ’ टोचल्यानं अर्धशिशी थांबते, हा जो दावा मुलींच्या कानी पडतो, त्याला चांगल्या चाचणीचा पाठिंबा नाही.

केलॉइडबद्दल आपल्या लोकांना जास्त सावध राहायला हवं, कारण सावळ्या कातडीत ते अधिक होतात आणि दहा ते तीस हे त्यांचं जोराचं वय. जखम भरल्यावरही गाठ वाढतच जाते, मूळ भोकाची हद्द ओलांडते. नुसती कापली तर पुष्कळदा परत येते, आधीपेक्षा मोठी. घरात कुणाला लसीच्या जागी किंवा ऑपरेशनच्या वणावर अशी गाठ असेल तर वरच्या कानाचा विचार सोडून द्यावा. २००५ मधल्या एका छोट्या अमेरिकी पाहणीत वयाच्या अकराव्या वर्षी किंवा त्यानंतर कान टोचलेल्यांत केलॉइड जास्त दिसले. पाहणी लहान होती, तरी बारशाला कान टोचणाऱ्या घरांना ती विचार करण्याजोगी वाटेल.

टोचल्यानंतरची काळजी साधी आहे आणि ती साधी ठेवणंच अवघड जातं. दिवसातून दोनदा हात धुऊन सलाईननं जखम पुसायची. केमिस्टकडे ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाईन मिळतं. घरी करायचं तर कपभर उकळलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशींनाही जाळतात. दागिना फिरवत राहण्याचा जुना सल्ला आता कुणी जाणकार देत नाही, कारण प्रत्येक फेरीत सुकलेली खपली जखमेत ओढली जाते. हेल्मेट, हेडफोन, ओढणीचा धागा, केस विंचरताना अडकणारा कंगवा हे रोजचे शत्रू. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून वाट काढावी लागते त्या दिवसांत, आणि पोहण्याच्या तलावात उतरायचं असेल तेव्हाही, ताजी बेंबी म्हणजे जिवाणूंना उघडं दार. पू दिसला म्हणून दागिना स्वतःच उपटून काढू नये. वरून भोक बंद होतं आणि पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा ते डॉक्टरांनी ठरवायचं.

वापरलेल्या सुईचं पुढे काय होतं, याकडे कुणी पाहत नाही. रुग्णालयाची सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यातून वेगळी जाते. पार्लरची सुई घरगुती कचऱ्याच्या पिशवीत पडते. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला येत आला आहे आणि तो हातांनी निवडणारी माणसं याच एम-पूर्व विभागात राहतात. दादर किंवा अंधेरीच्या दुकानात वापरलेली सुई शेवटी त्यांच्या बोटात शिरू शकते, आणि त्यांतल्या किती जणांना हिपॅटायटिस बीची लस मिळाली असेल?

कायद्याच्या बाबतीत वेल्सचं उदाहरण उपयोगी आहे. तिथं न्यूपोर्टमध्ये २०१५ साली गोंदण आणि टोचण करणाऱ्या जागांतून संसर्ग झाल्यावर आरोग्य मंडळाला गिऱ्हाइकांना बोलावून रक्त तपासावं लागलं. २०१७ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांच्या खाजगी अवयवांना टोचायला बंदी केली आणि त्यात जिभेचाही समावेश केला. नोव्हेंबर २०२४ पासून टोचणाऱ्या व्यक्तीला आणि जागेला, दोघांनाही परवाना सक्तीचा झाला. आपल्याकडे टोचणाच्या किंवा गोंदणाच्या धंद्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. पण मुंबई महानगरपालिकेला नव्यानं काही शोधायचीही गरज नाही: १८८८ च्या पालिका कायद्यातल्या कलम ३९४ खाली खानावळी आणि केशकर्तनालयांसारख्या धंद्यांना परवाने दिले जातातच. त्या यादीत टोचणं घालायचं, ऑटोक्लेव्हची नोंदवही आणि सुयांचा डबा तपासायचा, बंदूक पाळीपुरती मर्यादित करायची, टोचणाऱ्याला हिपॅटायटिस बीची लस आणि जंतुसंसर्ग टाळण्याचं प्रशिक्षण सक्तीचं करायचं. ज्या सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं त्यांना यातून वगळण्याऐवजी शिकवून सामावून घ्यावं. कारण गरीब वस्तीतली मुलगी महागड्या स्टुडिओत जाणार नाही, ती ओळखीच्या सोनाराकडेच जाईल.

तोवर जबाबदारी गिऱ्हाइकावर पडते आणि ती पेलण्यासारखी आहे. पाकीट समोर फाडायला सांगायचं, ऑटोक्लेव्ह दाखवायला सांगायचं, बंदूक वर लागत असेल तर उठून यायचं. लग्नापुरती नथ हवी असेल तर चापाची मिळते, भिकबाळीही दाबाची मिळते. आणि कार्डावर हिपॅटायटिस बीच्या नोंदी सापडल्या नाहीत तर लस आधी घ्यायची: पहिली मात्रा आज, दुसरी महिन्यानं, तिसरी सहाव्या महिन्यात. दिवाळीत कानात नवं काही घालायचं मनात असेल, तर सुरुवात अक्षय्य तृतीयेच्या आसपास दवाखान्यातून करावी लागेल.